९७८ दिवसांचा वेगयात्री : बेर्न्ट रोझमायर

एच. डी. कोटे (मैसुरू), २८ जानेवारी : मैसुरू शहरापासून एच. डी. कोटे हे तालुक्याचे गाव सुमारे ५० किलोमीटरवर आहे. काबिनी जलाशय आणि नागरहोळेच्या अरण्याकडे जाणाऱ्या प्रवाशाला हे अंतर बसने कापण्यास तासाहून अधिक वेळ लागतो. हेच अंतर अवघ्या सात मिनिटांत संपावे, अशा वेगाने एक तरुण २८ जानेवारी १९३८ रोजी जर्मनीतील एका सार्वजनिक रस्त्यावरून मोटार चालवीत होता. त्याचे वय होते २८ वर्षे. युरोपच्या विजेतेपदाचा मान त्याला मिळून दीड वर्षही झाले नव्हते आणि घरी अडीच महिन्यांचा मुलगा होता. त्या सकाळी पावणेबाराच्या सुमारास वाऱ्याच्या एका झोताने त्याची मोटार रस्त्यावरून फेकली गेली आणि बेर्न्ट रोझमायर हे नाव मोटार शर्यतींच्या इतिहासात कायमचे तरुण राहिले.

मोटारीच्या पहिल्या शर्यतीपासून या अखेरच्या सकाळपर्यंत त्याला केवळ ९७८ दिवस मिळाले. एवढ्या अवधीत त्याने दहा मोठ्या शर्यती जिंकल्या. या शर्यतींत तो कधी दाट धुक्यात, कधी शेकडो वळणांच्या रस्त्यावर, कधी उंच घाटात मृत्यूला चकवीत राहिला. त्याचा अंत मात्र सरळ रस्त्यावर झाला आणि तोही शर्यत नसताना. त्याच्या आयुष्याकडे आज पाहताना हाच विरोधाभास मनाला अस्वस्थ करतो.

रोझमायरचा जन्म १४ ऑक्टोबर १९०९ रोजी जर्मनीच्या वायव्य भागातील लिंगेन या छोट्या गावी झाला. वडिलांची वाहनदुरुस्तीची कार्यशाळा होती. तेल, वंगण आणि इंजिनांचा आवाज यांच्या सहवासातच त्याचे बालपण गेले. तारुण्यात पाऊल टाकताच तो मोटारसायकलींच्या शर्यतींकडे वळला. प्रथम गवताळ मैदानांवरील लहान स्पर्धा, नंतर एनएसयू आणि डीकेडब्ल्यू या नामांकित कंपन्यांच्या मोटारसायकली, अशी त्याची चढती वाटचाल झाली. चारचाकी शर्यतीचा अनुभव मात्र त्याच्या गाठीशी मुळीच नव्हता.

त्या काळात जर्मनीतील मोटार उद्योगाची नवी मांडणी होत होती. ऑडी, डीकेडब्ल्यू, हॉर्श आणि वांडरर या चार कंपन्या १९३२ मध्ये एकत्र आल्या आणि ऑटो युनियन हा उद्योगसमूह उभा राहिला. आज ऑडीच्या मोटारींवर दिसणारी चार कड्यांची साखळी हे त्याच एकीकरणाचे चिन्ह होय. पुढल्याच वर्षी हिटलरची राजवट आली. शर्यतींतील यश हे राष्ट्राच्या सामर्थ्याची जाहिरात ठरेल, हे नव्या सत्ताधाऱ्यांनी ओळखले आणि मर्सिडीज-बेंझ व ऑटो युनियन या दोन्ही कंपन्यांना शर्यतीच्या मोटारी बांधण्यासाठी सरकारी अनुदान सुरू केले. पैसा, प्रतिष्ठा आणि राजकारण यांचा हा संगम रोझमायरच्या कारकिर्दीच्या आरंभापासून अखेरपर्यंत तिच्यासोबत राहिला.

ऑटो युनियनची मोटार फर्डिनांड पोर्शे यांच्या कल्पनेतून साकारली होती आणि ती त्या काळच्या सर्व मोटारींहून निराळी होती. शर्यतीच्या मोटारीचे इंजिन पुढे आणि चालक त्याच्या मागे, ही तेव्हाची रीत. पोर्शे यांनी ती उलटी केली. सोळा सिलिंडरांचे प्रचंड इंजिन चालकाच्या पाठीमागे गेले, इंजिन आणि चालक यांच्यामध्ये इंधनाची टाकी आली आणि चालक थेट पुढच्या चाकांजवळ बसू लागला. १९३६ सालच्या आवृत्तीत हे इंजिन सहा लिटरचे आणि सुमारे ५२० अश्वशक्तीचे होते. मोटारीचे वजन मात्र नियमानुसार ७५० किलोपेक्षा अधिक असून चालत नसे. अरुंद टायरांवर एवढी ताकद उतरली की ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढेही मागची चाके जागच्या जागी भिरभिरत. वळणावर मोटारीचा मागचा भाग बाहेर घसरे आणि चालक अगदी पुढे बसलेला असल्याने ती घसरण त्याला उशिरा जाणवे. पुढे इंजिन असलेल्या मोटारींत हात बसलेल्या अनुभवी चालकांना हे यंत्र म्हणूनच अवघड जाई.

रोझमायरपाशी असा जुना सराव नव्हता आणि हेच त्याचे भांडवल ठरले. मोटारसायकलवर मागचे चाक घसरणे, तोल शरीराने ओळखणे आणि घसरण सावरत वेग राखणे हे त्याच्या अंगवळणी पडले होते. पहिल्यांदा चालविलेली शर्यतीची मोटारच अशी असल्याने मोटारी अशाच असतात, असे गृहीत धरून तो शिकला. विसरावे असे त्याच्यापाशी काही नव्हतेच. पुढे त्याच्या मृत्यूनंतर हा वारसा समर्थपणे पेलणारा इटालियन चालक तात्सिओ नुवोलारी हादेखील मोटारसायकलवरूनच या खेळात आलेला होता, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे.

१९३४ च्या शरद ऋतूत कंपनीने तरुण चालकांची चाचणी घेतली आणि त्यात रोझमायरची निवड झाली. तरीही नव्या मोसमाच्या आरंभी त्याला वाट पाहावी लागली. अखेर २६ मे १९३५ रोजी बर्लिनच्या आफुस मार्गावर त्याला संधी मिळाली. तेथे भर वेगात टायर फुटला. मोटार त्याने सुखरूप थांबविली, पण शर्यत हातची गेली. योगायोग असा, की त्याच्या बरोबर एक आठवडा आधी, १९ मे १९३५ रोजी, फ्रँकफर्ट आणि डार्मश्टाट या शहरांना जोडणारा नवा महामार्ग वाहतुकीसाठी खुला झाला होता. त्याची कारकीर्द आणि तिचा शेवट करणारा रस्ता यांचा आरंभ असा एकाच मे महिन्यात झाला.

तीन आठवड्यांनी न्यूर्बुर्गरिंगवर शर्यत होती. आयफेलच्या डोंगराळ प्रदेशात, दाट वनराईतून जाणारा हा सुमारे २२.८ किलोमीटरचा मार्ग दीडशेहून अधिक वळणांनी भरलेला आहे. तेव्हा मर्सिडीजचा रुडॉल्फ काराचिओला हा जर्मनीचा सर्वांत मातब्बर चालक मानला जाई. आयुष्यातील दुसरीच मोटार शर्यत खेळणारा रोझमायर त्याच्याही पुढे गेला आणि शेवटच्या फेरीपर्यंत त्याने आघाडी टिकविली. अखेरच्या सरळ टप्प्यावर काराचिओलाने त्याला गाठले. दोघांतील अंतर दोन सेकंदांहूनही कमी होते. विजय काराचिओलाचा झाला, पण घरी परतणारे प्रेक्षक बोलत होते ते या नवख्याविषयी.

पहिला विजय त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो येथे मिळाला. त्या दिवशी तेथे एली बाइनहॉर्न ही वैमानिकही उपस्थित होती. व्याख्यानाच्या निमित्ताने ती त्या भागात आली होती. रोझमायरपेक्षा ती दोन वर्षांनी मोठी आणि त्या वेळी त्याच्याहून अधिक प्रसिद्ध होती. १९३१ मध्ये आफ्रिकेच्या उड्डाणात विमान बिघडून टिंबक्टूच्या परिसरात तिला उतरावे लागले होते. तेथून सुखरूप परतल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस छोट्या क्लेम विमानातून ती एकटीच जगप्रवासाला निघाली. त्या प्रवासात ती भारतातही आली, कलकत्त्याला थांबली, हिमालयाची शिखरे तिने विमानातून पाहिली आणि पुढे ऑस्ट्रेलिया गाठले. रोझमायरला अशी सहचारिणी लाभली, जिला वेग आणि धोका यांचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

१३ जुलै १९३६ रोजी त्यांचा विवाह झाला. तेरा हा अंक युरोपात अशुभ समजला जातो. रोझमायर मात्र तो आपल्या भाग्याचा अंक मानीत असे. विवाहानंतर बरोबर तेराव्या दिवशी, २६ जुलै रोजी, त्याने जर्मन ग्रां प्री जिंकली.

१९३६ हे वर्ष सर्वार्थाने त्याचे होते. आरंभ मात्र चांगला झाला नाही. एप्रिलमध्ये मोनॅकोच्या पावसात त्याची मोटार आदळली आणि त्यानंतरही काही आठवडे अपयशाने पाठ सोडली नाही. १४ जून रोजी न्यूर्बुर्गरिंगवर सारे चित्र पालटले. शर्यत सुरू असतानाच डोंगरावर दाट धुके उतरले. समोरचे काहीच पावलांचे अंतर दिसावे, अशी स्थिती झाली. सर्व चालकांनी वेग कमी केला. नुवोलारीसारखा कसलेला चालकही जपून जाऊ लागला. रोझमायर मात्र जवळजवळ पूर्वीच्याच वेगाने धुक्यात शिरत होता आणि बाहेर पडत होता. त्याने नुवोलारीला मागे टाकले आणि दोन मिनिटांहून अधिक फरकाने शर्यत जिंकली. त्या दिवसापासून जर्मन वृत्तपत्रांनी त्याला धुक्याचा स्वामी अशी पदवी बहाल केली. रस्त्याची प्रत्येक वळणरेषा त्याने मनात साठविली होती की संकटाची जाणीवच त्याला इतरांहून कमी होती, यावर जाणकारांत पुढे बराच काळ चर्चा झाली. दोन्हींत तथ्य असावे.

त्यानंतर विजयांची मालिकाच सुरू झाली. जुलैत जर्मन ग्रां प्री, १५ ऑगस्टला इटलीतील पेस्कारा, २३ ऑगस्टला बर्न येथील स्विस ग्रां प्री आणि १३ सप्टेंबरला मोंझा येथील इटालियन ग्रां प्री त्याने जिंकली. घाट चढण्याच्या शर्यतींतही त्याने बाजी मारली. युरोपीय विजेतेपदासाठी त्या वर्षी चार शर्यती गणल्या गेल्या. त्यांपैकी तीन जिंकून, सत्ताविसावा वाढदिवस येण्यापूर्वीच तो युरोपचा विजेता झाला. तोपर्यंत विमान चालविणेही तो शिकला होता. हिवाळ्यात पती-पत्नी आपल्या विमानाने दक्षिण आफ्रिकेला गेले आणि तेथील शर्यतींतही त्याने भाग घेतला.

या यशाची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. नाझी राजवटीत शर्यतीचा चालक हा केवळ खेळाडू राहू शकत नव्हता. चालकांना राजवटीच्या मोटार संघटनेत सामील व्हावे लागे आणि प्रत्येक विजयानंतर शासनाचा झेंडा फडके. रोझमायर तर एसएस या कुप्रसिद्ध नाझी संघटनेचा सदस्य होता. सोनेरी केसांचा, हसतमुख, निर्भय तरुण आणि त्याची विश्वविख्यात वैमानिक पत्नी हे जोडपे प्रचारयंत्रणेला आयतेच मिळाले. त्याचा ओढा राजकारणापेक्षा वेगाकडे होता हे खरे असले, तरी ज्या व्यवस्थेने त्याला मोटार, पैसा आणि कीर्ती दिली तिच्या चिन्हापासून त्याचे नाव वेगळे करता येत नाही. त्याच्या कौशल्याचे कौतुक करताना हे विसरणे इतिहासाशी प्रामाणिकपणाचे ठरणार नाही.

१९३७ मध्ये मर्सिडीजने नवी, अधिक शक्तिशाली मोटार उतरविली आणि पारडे फिरले. विजेतेपद काराचिओलाकडे गेले. रोझमायरची मोटार आता मागे पडत होती, तरीही तो एकटाच मर्सिडीजच्या ताफ्याशी झुंज देत राहिला. मे महिन्यात आफुसच्या नव्याने बांधलेल्या उतरत्या वळणासह एका फेरीत त्याने ताशी सुमारे २७६ किलोमीटरचा वेग गाठला. जूनमध्ये न्यूर्बुर्गरिंग, ५ जुलैला अमेरिकेतील लाँग आयलंडवरची व्हँडरबिल्ट चषक शर्यत आणि ऑगस्टमध्ये पुन्हा पेस्कारा, असे विजय त्याने मिळविले. मधल्या काळात एक आघातही सोसावा लागला. २५ जुलैच्या जर्मन ग्रां प्रीत त्याचा सहकारी आणि निकटचा मित्र एर्न्स्ट फॉन डेलियस अपघातात जबर जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्या काळी चालकाच्या डोक्यावर कापडी टोपी असे, शिरस्त्राण नसे. कमरेला पट्टाही नसे. सहकाऱ्याचा मृत्यू आणि पुढल्या शर्यतीची तयारी यांच्यात फारसे दिवस नसत.

२ ऑक्टोबर १९३७ रोजी इंग्लंडमधील डॉनिंग्टन येथे त्याने आणखी एक शर्यत जिंकली. ब्रिटिश प्रेक्षकांनी अशा राक्षसी शक्तीच्या मोटारी यापूर्वी पाहिल्या नव्हत्या. तो त्याचा अखेरचा शर्यत-विजय ठरला. १२ नोव्हेंबर रोजी त्याला पुत्र झाला.

त्या वर्षअखेरीस ७५० किलोचा नियम संपुष्टात येऊन १९३८ पासून लहान इंजिनांचा नियम लागू होणार होता. म्हणजे ज्या अवघड मोटारीवर रोझमायरने प्रभुत्व मिळविले होते, तिची शर्यतीतील उपयुक्तता संपत आली होती. राहिले होते ते वेगाचे विक्रम. ऑक्टोबरच्या अखेरीस फ्रँकफर्ट-डार्मश्टाट महामार्ग विक्रमांसाठी बंद ठेवण्यात आला. सुव्यवस्थित वायुरोधक कवच चढविलेल्या मोटारीतून रोझमायरने २५ ऑक्टोबर रोजी ताशी ४०६ किलोमीटरहून अधिक वेग नोंदविला. सामान्य रस्त्यावर ताशी ४०० किलोमीटरची मर्यादा ओलांडणारा तो पहिला चालक ठरला. मर्सिडीजची मोटार मात्र त्या वेळी वेग वाढताच पुढून उचलली जाऊ लागली आणि कंपनीला माघार घ्यावी लागली.

ही माघार मर्सिडीजला सहन होण्यासारखी नव्हती. फेब्रुवारीत बर्लिनला मोटार प्रदर्शन भरणार होते आणि तेथे विक्रम आपल्या नावावर हवा, अशी कंपनीची इच्छा होती. त्यामुळे भर हिवाळ्यात आणखी एका प्रयत्नाची परवानगी मिळविण्यात आली. २८ जानेवारी १९३८ च्या सकाळी, रस्त्यावरील दव ओसरताच, काराचिओलाने ताशी ४३२.७ किलोमीटरचा वेग नोंदविला. एक किलोमीटर अंतर त्याने साडेआठ सेकंदांच्या आत पार केले. रोझमायर तेथे होता. त्याने प्रतिस्पर्ध्याचे अभिनंदन केले आणि आपल्या मोटारीकडे वळला.

तोवर वारा सुटला होता. महामार्गाची एक बाजू जेमतेम साडेसात मीटर रुंद. दोहोंकडे झाडी आणि मधूनच मोकळी जागा, जिथून आडवा वारा थेट रस्त्यावर येई. या वेगात मोटार एका सेकंदात सुमारे १२० मीटर पुढे जाते. वाऱ्याने धक्का दिला हे चालकाला उमगेपर्यंत ती एखाद्या मैदानाइतके अंतर ओलांडून गेलेली असते. धोक्याची जाणीव काराचिओलालाही झाली होती. परंतु प्रतिस्पर्धी कंपनीचा विक्रम ताजा होता, रस्ता त्या दिवसापुरताच बंद होता आणि मोटार सज्ज उभी होती. रोझमायरने प्रयत्न सुरू केले. एका फेरीत तो ताशी ४३० किलोमीटरच्या जवळ पोहोचला. विक्रमापासून तो केसभर दूर होता.

पावणेबाराच्या सुमारास तो पुन्हा निघाला. लांगेन आणि म्योरफेल्डेन यांच्या परिसरात, झाडी संपून मोकळी जागा सुरू होते त्या ठिकाणी, मोटार बाजूला सरकली, आडवी झाली आणि तिचे तुकडे झाले. मदतीसाठी धावलेल्यांना रोझमायर रस्त्यापासून दूर, झाडांमध्ये पडलेला आढळला. त्याचे प्राण गेले होते. पत्नी त्या वेळी व्याख्यानदौऱ्यावर होती.

राजवटीने त्याच्या मृत्यूचाही उत्सव केला. बर्लिनच्या डालेम भागातील स्मशानभूमीत गणवेशधाऱ्यांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि एका कुटुंबाच्या शोकाला राष्ट्रीय सोहळ्याचे रूप देण्यात आले. एलीने त्याच वर्षी पतीच्या आठवणींचे पुस्तक लिहिले आणि ते जर्मनीत विपुल वाचले गेले. ऑटो युनियनने पुढे नुवोलारीला पाचारण केले. त्याने कंपनीला पुन्हा विजय मिळवून दिले, पण सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध पेटले आणि शर्यती थांबल्या. एली मात्र दीर्घायुषी ठरली. २००७ मध्ये, वयाची शंभर वर्षे पूर्ण केल्यावर, तिचे निधन झाले. पतीच्या मृत्यूनंतर ती जवळजवळ ७० वर्षे जगली.

काराचिओलाचा त्या सकाळचा विक्रमही असाच दीर्घायुषी निघाला. सार्वजनिक रस्त्यावरील सर्वाधिक वेगाचा तो उच्चांक नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतील नेवाडा येथे मोडला गेला. म्हणजे जवळजवळ ८० वर्षे त्याला कोणी हात लावला नाही. यामागे केवळ त्या मोटारीची थोरवी नाही. सामान्य रस्त्यावर माणसाला अशा वेगाने पळविण्यातून काही साध्य होत नाही, हे त्या दिवशीच्या मृत्यूने जगाला शिकविले होते. पुढील काळात वेगाचे विक्रम मिठागरांच्या विस्तीर्ण, निर्मनुष्य पठारांवर होऊ लागले आणि शर्यतींमध्ये शिरस्त्राण, पट्टा, सुरक्षित कठडे, वैद्यकीय पथके यांची सक्ती झाली. ही सुरक्षितता रोझमायरच्या पिढीला लाभली नाही.

फ्रँकफर्ट-डार्मश्टाट महामार्गाच्या कडेला, अपघाताच्या जागेजवळ, झाडीत त्याचे छोटे स्मारक आहे. शेजारून रात्रंदिवस वाहनांचा ओघ वाहतो. त्यात वेगाने जाणारे थोडे नसतात, पण ताशी ४३० किलोमीटरची घाई कोणालाच नसते. ज्या वळणांनी आणि धुक्याने रोझमायरला मोठे केले, त्यांत त्याच्या कौशल्याला वाव होता. अखेरच्या सरळ रस्त्यावर मात्र त्याच्या हाती करण्यासारखे काही उरले नव्हते. एका प्रदर्शनाच्या तारखेसाठी आणि दोन कंपन्यांच्या चुरशीसाठी त्याला तेथे धाडण्यात आले आणि तोही आनंदाने गेला. त्याच्या स्मृतिदिनी त्या अतुलनीय चालकाचे स्मरण करताना, त्या सकाळी त्याला कोणीही थांबविले नाही, ही गोष्टही आठवावी लागते.